मास्तरांनी लावलेले दिवे

"रस्त्यावरचा हा आंधळा कारभार मी एका महिन्यात बंद करून दाखवतो!"

हाजी तर्मिझी मास्तरांनी ही घोषणा केली तेव्हा ऐकायला दोघंच होती. एक त्यांची बायको काल्सोम आणि दुसरी काल्सोमच्या हातातली मासळी. मासळीनं मत दिलं नाही. काल्सोम म्हणाली, "आधी अंगावरचा चिखल धुऊन या."

चिखलाचं कारण असं. मास्तर संध्याकाळी कुआला कांसार शहराहून पाया लिंतांगला, म्हणजे आपल्या गावी परत येत होते. समोरून एक गाडी आली ती अप्परवर! दिवे थेट मास्तरांच्या चष्म्यात. तेही नव्या फॅशनचे पांढरेफटक. मास्तरांना क्षणभर वाटलं, कयामतच आली. त्यांनी घाईघाईनं दुआ म्हणायला सुरुवात केली आणि ती संपायच्या आत त्यांची इवलीशी कांचिल गाडी म्हशीच्या डबक्यात उतरली. म्हैस बिचारी समजूतदार. तिनं सरकून जागा करून दिली. त्या रस्त्यावर इतकं सौजन्य मास्तरांच्या वाट्याला बऱ्याच वर्षांनी आलं होतं.

आणि हा अपमान कुणाचा? ज्यानं अठ्ठावीस वर्षं लोकांना गाडी शिकवली, त्याचा! पंचक्रोशीत ज्याच्या हातात म्हणून स्टिअरिंग होतं, तो मास्तरांच्या शेजारी बसून एकदा तरी रडलेला होता. परीक्षेचं पुस्तक मास्तरांना तोंडपाठ होतं. त्यातला त्यांचा आवडता नियम असा, की समोरच्याचे दिवे डोळ्यांवर येत असतील तर आपण क्षणभर अप्पर मारून त्याला आठवण द्यावी. मग तो शरमेनं दिवे खाली घेतो.

आता पेराक राज्यातल्या रस्त्यावर समोरच्यानं दिवे मारले, तर त्याचा अर्थ शाळेत न गेलेलं पोरही सांगेल. 'पुढे पोलिस उभे आहेत.' बास. दुसरा अर्थ नाही. मग पट्टा लावायचा, हेल्मेट शोधायचं आणि कागदपत्रं धड नसतील तर जी गल्ली दिसेल तिच्यात नाहीसं व्हायचं. मास्तरांना हा अर्थ माहीत नव्हता असं नाही. पण तो पुस्तकात नव्हता. परीक्षेत कुणी तो सांगितला, की मास्तर दोन मार्क कापत. अठ्ठावीस वर्षं मार्क कापल्यावर तो अर्थ जगातून नाहीसा झाला असणार, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

चिखल धुऊन झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मास्तर सेल्वमच्या गॅरेजात गेले.

"सगळ्यात झगझगीत दिवे लाव."

"मास्तर, लोकांचे दिवे फार झगझगीत आहेत म्हणून तुम्ही गेल्या महिन्यात पेपरला चार पत्रं लिहिली ना?" सेल्वमनं विचारलं.

"पाच. एकही छापलं नाही. म्हणून आता दिवे."

सेल्वमनं दिवे लावले. घरी अंगणात मास्तरांनी ते पेटवून दाखवले, तेव्हा शेजारचा कोंबडा आरवला. काल्सोम डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "गाडीला दिवे लावलेत, की दिव्यांना गाडी?"

"शिस्त लागायची तर शिक्षकाचा प्रकाश विद्यार्थ्यापेक्षा जास्त हवा!" मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की ते त्यांनी सहाव्या पत्रात घातलं. तेही छापून आलं नाही.

पण हे सगळं राहू द्या. त्या आठवड्यात घरात त्याहून मोठी गोष्ट होती. शनिवारी सुरायाचा साखरपुडा! सुराया ही मास्तरांची एकुलती एक मुलगी. दातांच्या दवाखान्यात नर्स, वय चौतीस. याआधी दोन ठिकाणं मास्तरांनी स्वतः घालवली होती. पहिला मुलगा घाटात ओव्हरटेक करतो म्हणून, आणि दुसरा वळताना साइड दाखवत नाही म्हणून. हा तिसरा, फैरूझ. त्याच्यासाठी सुरायानं बापाला आधीच बजावून ठेवलं होतं. "बाबा, त्याला गाडी येत नाही. तो बसनं फिरतो. आता काही बोलायला जागा नाही तुम्हाला."

मास्तरांकडे जागा नव्हती, पण मुलाच्या थोरल्या काकांकडे भरपूर होती. हाजी देरामान हे त्या घराचे कर्ते. बोलणी करायची, तबकं उघडायची, हो म्हणायचं की उठून जायचं, सगळं त्यांच्या हातात. एका साखरपुड्यात कॉफी निवलेली मिळाली म्हणून ते तबकांसकट परत गेले होते. पंचवीस माणसं, सात तबकं आणि रडणारा नवरदेव. सुरायाच्या साखरपुड्याची वेळ साडेआठची, इशाच्या म्हणजे रात्रीच्या नमाजानंतरची.

आणि शनिवारी रात्री आठ वाजता काल्सोमच्या बहिणीनं फ्रीझर उघडला.

"अगं बाई! पानांचं काय झालं हे?"

साखरपुड्यात मुलीकडचं पहिलं तबक विड्याच्या पानांचं असतं. ते पुढे सरकवल्याशिवाय एक शब्द बोलता येत नाही. मावशीबाईंनी ती पानं ताजी राहावीत म्हणून सकाळपासून फ्रीझरमध्ये ठेवली होती. बाहेर आली ती शिजवलेल्या पालकासारखी.

काल्सोमनं मास्तरांच्या हातात गाडीची किल्ली ठेवली. "आंटी सियूच्या दुकानात मिळतील. नुसतं जा, पानं घ्या आणि या. वाटेत कुणाला काही शिकवू नका!"

"मी काय करतो शिकवून?" मास्तर म्हणाले. काळी टोपी, रेशमी सदरा, कमरेला जरीचं सारोंग अशा थाटात ते गाडीत बसले.

गाव ते शहर अकरा किलोमीटर. पहिली गाडी आली ती अप्परवर. मास्तरांनी दिवे मारले. आणि काय आश्चर्य! समोरच्यानं झटकन दिवे खाली घेतले, वेग कमी केला, वर हात उंच करून आभारही मानले!

मास्तर गहिवरले. अठ्ठावीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं चूक दाखवल्याबद्दल आभार मानले नव्हते.

दुसरी गाडी. दिवे मारले. आतल्या बाईंनी गाडी चालवता चालवता पट्टा ओढून लावला. 'वा! एक चूक दाखवली, तर दुसरी आपण होऊन सुधारली!' तिसरी एक मोटरसायकल, तिच्यावर चार माणसं. त्यांना मारले, तर तिघं उतरून चालायलाच लागली! चौथी मोटरसायकल थेट रबराच्या झाडांमध्ये शिरली आणि दिवा विझवून उभी राहिली. 'विचार करायला बसला असेल,' मास्तरांच्या मनात आलं. 'पश्चात्तापाला एकांत लागतोच.'

पुलाजवळ तर पर्वणीच आली. एकापाठोपाठ एक सहा गाड्या, सगळ्यांचे दिवे लावलेले, सगळे डोळ्यांत! दुसरा कुणी असता तर सगळ्यांना मिळून एकदाच दिवे मारून मोकळा झाला असता. पण मास्तर वर्गात कधी घाऊक शिक्षा करत नसत. त्यांनी सहा गाड्यांना सहा वेळा, वेगवेगळे दिवे मारले. पहिल्या गाडीनं कृतज्ञतेनं पों केलं. मग उरलेल्या पाचही गाड्यांनी पों केलं. दिव्यांच्या मागे कोण बसलंय हे दिसायचा प्रश्नच नव्हता. मास्तरांनी आरशात पाहिलं, तर सहाच्या सहा गाड्या पुलाशी हळूच उजवीकडे वळून पाम तेलाच्या मळ्यात शिरत होत्या.

"सगळे एकाच दिशेला!" मास्तर स्वतःशी म्हणाले. "याला म्हणतात शिस्त!"

आंटी सियूच्या दुकानात पानं मिळाली. ती कागदात बांधता बांधता आंटी म्हणाली, "मास्तर, मुख्य रस्त्यानं जाऊ नका हां. पुलापलीकडे पोलिसांनी नाकाबंदी लावलीय. जंगी! म्हणे प्रत्येक गाडी थांबवतायत, प्रत्येक कागद बघतायत."

"कोण म्हणतं?"

"कोण नाही म्हणत! मघापासून अकरा जण सांगून गेले. एकानं तर कुत्रीपण पाहिली म्हणे."

मास्तर हसले. "कागद बघू देत की! ज्यांचे कागद नीट नाहीत त्यांनी घाबरावं."

हसता हसता त्यांनी सहज पाकीट उघडलं. लायसन्स बाहेर काढलं. मग चष्मा पुसून परत पाहिलं. लायसन्सची मुदत संपली होती. या वर्षी नव्हे, मागच्या वर्षीही नव्हे.

आता हे कसं झालं, ते मास्तरांनाही कधी नीट सांगता आलं नाही. इतरांच्या मुदती तपासण्यात माणसाचं आयुष्य गेलं, की असं होत असावं.

डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. मुलीच्या साखरपुड्याची वेळ, जरीच्या सारोंगमध्ये आपण रस्त्याच्या कडेला, आणि आपलाच एखादा जुना विद्यार्थी हवालदार होऊन विचारतोय, 'मास्तर, लायसन्स?' तिकडे देरामान घड्याळ बघतायत. कॉफी निवतेय!

तेवढ्यात फोन वाजला. काल्सोम. "कुठे आहात? साडेआठ झाले! पाहुण्यांचा पत्ता नाही. सुराया रडायला लागलीय, डोळ्यांचा सगळा रंग गालावर आलाय. शेजारचेसुद्धा अर्धे आलेले नाहीत. पोलिस आहेत म्हणतात रस्त्यात!"

"ऐकलंय मीही," मास्तर म्हणाले. "मी मळ्यातल्या वाटेनं येतो. जवळ पडतं."

"जवळ? ती तर दुप्पट लांब आहे!"

मास्तरांनी फोन ठेवला.

पाम मळ्यातली ती तांबड्या मातीची वाट पुलाशी सुरू होते आणि गावाशी बाहेर पडते. रुंदी एका ट्रॅक्टरची. दोन्ही बाजूंना खोल चर. मास्तर अप्पर लावून निघाले आणि दीड किलोमीटर आत गेले, तोच समोरून अप्परवर एक गाडी आली. मागे आणखी दिवे. आणखी. आणखी.

दोन्ही बाजू थांबल्या. मध्ये दहा हात जागा, आणि उजेड इतका, की पामच्या झाडांवरच्या चिमण्या उठून कामाला लागल्या.

"दिवे खाली घ्या!" मास्तर काचेतून डोकं काढून ओरडले.

"आधी तुझे विझव!" पलीकडून आवाज आला. "गाडी आहे की लाइटहाउस?"

"माझे दिवे तुमच्या दिव्यांना उत्तर आहेत!"

"आणि आमचे तुला! हो मागे!"

"मी एकटा आहे. तुम्ही मागे व्हा!"

"आम्ही सहा गाड्या आहोत रे, भोपळ्या! पुढच्या फाटकाला साखळी लावून रखवालदार जेवायला गेलाय. आम्ही परत निघालोय. सहा गाड्या मागे घेऊ की तू एक घेशील?"

"नियमानं अरुंद वाटेवर आधी शिरलेल्याला..."

"नियम! आला मोठा नियमवाला! तुला लायसन्स कुणी दिलं?"

हा घाव नेमका त्या दिवशीच्या दुखण्यावर बसला. मास्तरांचा तोल सुटला. एरवी ते असं बोलणारे नव्हेत. पण समोरचा माणूस दिसत नसला, की जीभ सैल होते.

"असली माणसं ज्या घरात आहेत, त्या घरात मुलगी कोण देत असेल, देव जाणे!"

"देतायत की! वाट बघत बसलेत! आत्ता तिकडेच निघालोय!"

"कोण तो कपाळकरंटा बाप?"

"पाया लिंतांगचा तर्मिझी मास्तर! ओळखतोस का?"

रातकिडेसुद्धा पुढे काय होतंय म्हणून थांबले.

मास्तर त्याला ओळखत होते. बऱ्यापैकी जवळून.

त्यांनी दिवे विझवले. इंजिन बंद केलं. टोपी सरळ केली, पानांचं पुडकं दोन्ही हातांत धरलं आणि पळून जाता येईल का, याचा एकदा अंदाज घेतला. डावीकडे चर, उजवीकडे चर, आणि घरी सुराया. मग ते खाली उतरले.

समोरचेही दिवे खाली आले. सात माणसांच्या गाडीतून नऊ माणसं उतरली. मांडीवरची तबकं आता हातांत होती. सगळ्यांत पुढे भरघोस मिशांचे हाजी देरामान. त्यांनी टोपी पाहिली, सारोंग पाहिलं, पानं पाहिली.

"मास्तर?"

"हाजी?"

सुरायाच्या आयुष्याचं पुढे काय व्हायचं, ते त्या दोन शब्दांवर लटकत होतं. देरामानांच्या मिशा थरथरल्या. हे गृहस्थ निवलेल्या कॉफीवरून उठून गेले होते. 'कपाळकरंटा' आणि 'असली माणसं' यांच्यापुढे कॉफी काय चीज आहे! पण त्यांनीही 'भोपळ्या' म्हटलं होतं, तेही मुलीच्या बापाला, सहा गाड्या भरून साक्षीदारांसमोर.

"मास्तर," देरामान शेवटी घसा खाकरून म्हणाले, "आत्ता इथे कुणीतरी फार वाईट बोलत होतं."

"मीही ऐकलं," मास्तर चटकन म्हणाले. "या मळ्यात आहे म्हणतात काहीतरी. अंधार पडला, की माणसांचे आवाज काढतं."

"दोन-दोन आवाज काढतं?"

"दोन असतील. जोडपं."

"असणार!" देरामानांनी सुटकेचा श्वास टाकला. "अगदी माझ्यासारखा आवाज काढत होतं हो एक! दुसरं जरा चिरकं होतं."

'चिरकं' मास्तरांनी गिळलं. मागे सात जणांनी भुताच्या नावानं दुआ म्हटली. फैरूझ एवढा तबकाआड खाली मान घालून हसत होता.

"पण तुम्ही इथे कसे?" मास्तरांनी विचारलं.

"आम्ही? आम्ही..." देरामानांनी मागच्या आठ जणांकडे पाहिलं. "पोलिसांना भिऊन नव्हे हां! तपासणीत तबकं हलतात. केक कलंडतो. पुलाजवळ एक देवमाणूस भेटला. सहा गाड्यांना सहा वेळा दिवे मारून सावध केलं त्यानं! एवढी काळजी कोण घेतं हो आजकाल? त्याच्या मुलाबाळांचं कल्याण होवो!"

मास्तरांच्या डोक्यात आता कुठे सगळे दिवे एकदम लागले. पट्टा ओढणाऱ्या बाई, चालायला लागलेले तिघं, रबराच्या झाडांतला पश्चात्ताप, आंटी सियूची कुत्री! पोलिस नव्हतेच कुठे! अकरा किलोमीटरची नाकाबंदी त्यांनी एकट्यानं लावली होती.

"आमीन," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"आणि तुम्ही कसे इथे?"

"मी... तुम्हाला घ्यायला आलो."

"आम्ही इथे आहोत हे कसं कळलं?"

"मुलीच्या बापाचं मन हो, हाजी. त्याला कळतं."

देरामानांचे डोळे भरून आले. मास्तरांचेही आले, पण वेगळ्या कारणानं. वाट अरुंद, गाडी वळवायला जागा नाही. सहा गाड्यांना बाहेर काढायचं, तर दीड किलोमीटर कांचिल उलटी न्यायला हवी होती.

मास्तर गाडीत बसले. मागचा दिवा होता एकच, तोही काजव्याला लाज वाटेल असा. देरामानांनी मदत म्हणून आपल्या गाडीचं अप्पर लावलं. मागच्या पाचांनीही लावलं. सगळा उजेड मास्तरांच्या तोंडावर.

"हाजी, दिवे जरा खाली..."

"खाली? मग तुम्हाला मागचं कसं दिसेल? लाजू नका, मास्तर, घ्या हवा तेवढा उजेड!"

आणि मग देरामानांनी काचेतून डोकं बाहेर काढून शिकवायला सुरुवात केली. "डावीकडे! डावीकडे घ्या! अहो, ती उजवी! सावकाश! क्लच सोडा! चराकडे बघू नका, आरशात बघा! मास्तर, तुम्ही गाडी शिकवायचात ना?"

दोनदा मागचं चाक चरात गेलं. दोन्ही वेळा नऊ माणसांनी तबकं खाली ठेवून गाडी उचलली, आणि दुसऱ्यांदा केक कलंडला. केक भुतांनी कलंडवला, असं परस्पर ठरलं.

मुख्य रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. "गेले वाटतं पोलिस," देरामान म्हणाले. "गेले," मास्तर म्हणाले.

सव्वादहाला वरात घरी पोहोचली. पानांचं तबक पुढे सरकलं. कॉफी तीनदा गरम करून काकवीसारखी झाली होती. देरामानांनी ती एका दमात प्यायली. त्यांनी 'हो' म्हटलं. सुरायानं डोळे पुसले, फैरूझच्या आईनं तिच्या बोटात अंगठी घातली आणि काल्सोमनं अडीच तासांत पहिल्यांदा श्वास सोडला.

मग देरामान पुन्हा उभे राहिले. त्यांचा आवाज जड झाला होता.

"मंडळी, आपण सुलतानाच्या शहराजवळ राहणारी माणसं. दरबारातून निघताना सुलतानाला पाठ दाखवत नाहीत, उलट्या पावली बाहेर येतात. पण असा मान आमच्यासारख्या साध्या माणसांना कधी कुणी दिलाय? आज या व्याह्यांनी दिला! दीड किलोमीटर, अंधारात, मळ्यात, गाडी उलटी चालवत आले. एकदा म्हणून आम्हाला पाठ दाखवली नाही!"

सगळे मास्तरांकडे पाहू लागले. काल्सोम जरा जास्तच रोखून पाहू लागली.

"म्हणून मी ठरवलंय," देरामान म्हणाले. "लग्नातही हीच रीत. आमच्या साठ गाड्या असतील. मास्तरांनी पुलाशी यायचं आणि तिथून दारापर्यंत आम्हाला असंच घेऊन यायचं. उलटं!"

टाळ्या पडल्या. मास्तरांनी सुरायाच्या बोटातल्या अंगठीकडे पाहिलं आणि नाही म्हणायचा विचार सोडून दिला.

"अगदी जरूर," ते म्हणाले. "फक्त... लग्न दिवसाचं ठेवू या का? भर दुपारी?"

"छे, छे! रात्रीचंच!" देरामानांनी त्यांच्या पाठीवर प्रेमानं थाप मारली. "तुम्ही काळजीच करू नका, मास्तर. साठच्या साठ गाड्या अप्परवर ठेवायला सांगतो!"